मधेच तुटलेला धूर

आमच्याकडे घरातलं माणूस लांबच्या वाटेला निघालं की त्याच्या पाठोपाठ घर झाडत नाहीत. केराबरोबर त्याची पावलंही बाहेर जातात म्हणे. एरवी मी असलं फार मानणारी नाही. अमावास्येलासुद्धा नखं काढते. पण १९८६ च्या जानेवारीत आमचा सहदेव मस्कतला निघाला तेव्हा मी मनाशी ठरवलं, तो पोचल्याचा निरोप येईपर्यंत केरसुणीला हात लावायचा नाही. आठ दिवस लागले तर लागले. घराचा उकिरडा झाला तरी चालेल.

एकुलता एक मुलगा हो. तेवीस वर्षांचा, वेल्डिंग शिकलेला, आमच्या अख्ख्या खानदानात विमानात पाय ठेवणारा पहिला. आणि सहा-सात महिन्यांपूर्वीच ते मोठं विमान समुद्रात पडलं होतं, तीनशेच्या वर माणसं गेली होती. तो पेपर सहदेवच्या नजरेला पडू नये म्हणून मी तांदळाच्या डब्याखाली घातला होता. त्याने तो आधीच वाचला होता, हे मला फार नंतर कळलं.

विमान सव्वाचारचं, पण तीन तास आधी पोचायचं म्हणून तो बारालाच निघाला. सोडायला फक्त आमचे हे गेले. मी गेले नाही. मला चारचौघांत रडायला आवडत नाही आणि तिथे जाऊन न रडता राहणं मला जमलं नसतं. दारातच त्याच्या हातावर दही घातलं, त्याने वाकून नमस्कार केला, टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाली. मी मागे वळते तो काय, शेजारची द्रौपदी ओटा झाडतेय.

कांजूरमार्गची आमची चाळ बैठी. आठ खोल्या एका रांगेत, आणि सगळ्यांना मिळून पुढे एकच लांब ओटा. आमची खोली चौथी, द्रौपदीची पाचवी. ती माणसं बीडकडची, त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर. तिचा नवरा अंबादास सांताक्रूझला वेधशाळेत. रोज पहाटे तो माणसापेक्षा मोठा पांढरा फुगा आकाशात सोडायचा, आणि फुग्याला बांधलेला डबा वरती किती थंडी, किती ओल, वारा कुठला, ते रेडिओवरून खाली कळवायचा. चाळीत सगळे त्याला फुगेवाला म्हणायचे. सरकारचा पगार घेऊन फुगे उडवतो, असं मी स्वतः नळावर म्हटलेलं आहे, आणि बायका हसल्यासुद्धा आहेत.

तर द्रौपदी झाडत झाडत माझ्या दारापर्यंत आली होती. जिथे बसून सहदेवने बुटांच्या नाड्या बांधल्या, नेमकी तिथूनच तिने केरसुणी फिरवली.

"बंद कर ते," मी म्हटलं. "माझा मुलगा आत्ता निघालाय, दिसत नाही तुला?"

ती गोंधळली. "मावशी, टॅक्सीने केवढी धूळ उडवली, म्हणून म्हटलं..."

"उडू दे धूळ. पोरगं अजून मेन रोडला लागलं नाही आणि तू त्याची पावलं पुसायला निघालीस?"

माझं तोंड एकदा सुटलं की मलाच आवरत नाही. पुढे काय काय बोलले ते सांगत बसत नाही, पण तिच्या गावापर्यंत गेले एवढं खरं. तिने सुपलीतला केर तसाच ओट्याच्या कडेला ठेवला, आत गेली आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, बरं झालं, समजली एकदाची.

साडेतीनला आमचे हे परत आले. यांचं नाव काशीराम. लालबागच्या एका गिरणीत सव्वीस वर्षं बॉयलरवर होते. संपात सगळं गेलं, मग लालबागची खोली विकून आम्ही इथे आलो, आणि हे विक्रोळीला एका गोडाऊनवर वॉचमन म्हणून लागले. बोलणं आधीच कमी, संपानंतर आणखी कमी झालं.

"आत गेला," एवढंच म्हणाले. "काचेतून हात केला त्याने."

मग आम्ही दोघं ओट्यावर बसून आकाशाकडे बघत राहिलो. रोज डोक्यावरून इतकी विमानं जातात, कधी मान वर केली नव्हती. त्या दिवशी जो आवाज येईल तो सहदेवचाच. सव्वाचार झाले. साडेचार झाले. आणि चार पस्तीसला चाळीतली पोरं ओरडत सुटली, "रॉकेट, रॉकेट!"

फार उंचावर, टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी चमकत होतं आणि त्याच्या मागे पांढरी रेघ. पवईच्या डोंगरावरून आली, म्हणजे विमानतळाच्याच बाजूने, आणि सरळ आमच्या डोक्यावरून मुलुंड-ठाण्याच्या दिशेने चालली. पोरं असल्या विमानाला रॉकेटच म्हणतात. मी इतक्या वर्षांत एखाद-दोनदा बघितलं असेल, कामाच्या गडबडीत. पण एवढा धूर सोडत जाणारं विमान नीट असं त्या दिवशीच बघितलं.

"अहो, हेच असेल का?" मी विचारलं.

"वेळ तर तीच."

"मग एवढा धूर का सोडतंय?"

हे डोळ्यांवर हात धरून बघत होते. रेघ मुलुंडच्या पलीकडे गेली, खाडीवर पोचली असेल, आणि तिथे तुटली. कापून टाकल्यासारखी. पुढे नुसतं निळं आकाश. विमानाची टाचणीही कुठे दिसेना.

यांनी हात खाली घेतला. आमचे हे मुंबईत चाळीस वर्षं राहिले, बोलणं मुंबईचंच झालंय; पण फार घाबरले की तोंडातून मालवणी येते. संपाच्या वेळी आली होती, त्यानंतर तेव्हा.

"रुक्मे," हे म्हणाले, "धूर थांबलो गे."

"म्हणजे?"

"इंजान बंद पडला."

आता हे तुम्हाला समजणार नाही, मला समजलं. आमचं सगळं आयुष्य धुराड्याखाली गेलेलं. लालबागला बायका सकाळी उठून आधी गिरणीच्या धुराड्याकडे बघायच्या. धूर आहे म्हणजे बॉयलर चालू, म्हणजे घरचा माणूस धड आहे. धूर तुटला म्हणजे आत काहीतरी बिघडलं. चार वर्षांपूर्वी, अशाच जानेवारीत, तो तुटला तो कायमचा. त्यामुळे यांनी तसं म्हटल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही. विमान पेटलं, इंजिन बंद पडलं, आणि सहदेव खाडीत. डोळ्यांपुढे तांदळाच्या डब्याखालच्या पेपरातला फोटो आला.

आणि मग मला ती सुपली दिसली. ओट्याच्या कडेला, केरासकट.

मी उठले ती द्रौपदीचं दार दोन्ही हातांनी बडवायला लागले. तिच्या नावाने काय बोलत होते ते माझं मलाच ऐकू येत नव्हतं. दार उघडलं अंबादासने. बनियनवर होता, डोळे सुजलेले. पहाटे तीनला उठणारा माणूस, दुपारी जरा पडला होता.

"काय झालं, मावशी?"

"बायकोला विचार तुझ्या. माझ्या पोराची पावलं झाडली तिने. आता वर बघ काय झालं ते."

त्याने बाहेर येऊन वर बघितलं. तुटलेली रेघ अजून तिथेच होती, जरा जाड झाली होती. मग त्याने यांच्याकडे बघितलं. हे ओट्यावरच बसले होते, पण आता नुसते भिंतीला टेकले होते, चेहऱ्यात रक्त नव्हतं. अंबादास हसला नाही. हसला असता तर मी त्याला सोडलं नसतं. त्याने यांना हाताला धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं, मलाही आत ये म्हणाला. द्रौपदीने पाणी आणलं. तीन वर्षांत मी त्या घराच्या उंबऱ्याआत पाऊल टाकलं नव्हतं. कारण विचारू नका, सांगायची मला आज लाज वाटते. त्या दिवशी तांब्याभर पाणी मी घटाघटा प्यायले.

"काका," अंबादास म्हणाला, "ते सहदेवचं विमान नाही."

"वेळ तीच होती," हे म्हणाले.

"वेळ असू दे. सहार विमानतळावरून उडालेलं विमान इथवर येतं तेव्हा केवढं खाली असतं? पोटावरची अक्षरं वाचता येतात. हे दहा-अकरा किलोमीटर वर होतं. आपल्या विमानतळावरून उडालेलंच नाही. कुठून तरी आलं, कुठे तरी चाललं, मुंबईत थांबणारसुद्धा नव्हतं. आणि मस्कत कुठे आलं? समुद्रापलीकडे. हे तर समुद्राकडून ठाण्याकडे गेलं."

"विमान वळतं," मी म्हटलं.

"वळतं ना, मावशी. पण इतक्या लवकर इतकं वर चढत नाही."

आमचे हे मान हलवत होते, पण ते पटल्याचं हलवणं नव्हतं. "अंबादास, ते सगळं असेल. पण धूर का तुटला ते सांग. चालू इंजिनाचा धूर तुटत नाही. मी सव्वीस वर्षं बघितलंय."

अंबादास यांच्यासमोर जमिनीवर बसला. मग म्हणाला, "काका, तो धूर नाही. वाफ आहे."

"वाफ?"

"इंजिनात तेल जळतं, त्यातून वाफ निघते. वर थंडी किती? उणे पन्नास. आज पहाटेच्या माझ्याच फुग्याने सांगितलंय. वाफ बाहेर पडली की गोठून तिचा बारीक बर्फ होतो. तो पांढरा दिसतो. आता तुम्हीच सांगा, बॉयलरच्या वाफेच्या नळीच्या तोंडाशी काय दिसायचं?"

यांनी हवेत बोटाने नळी आखली. मग म्हणाले, "तोंडाशी काहीच नाही दिसायचं. वीतभर पुढे गेल्यावर पांढरी व्हायची."

"विमानाच्या मागेही तशीच जागा मोकळी असते. नीट बघितलंत तर दिसते. बरं, पावसाळ्यात ती वाफ किती लांब जायची?"

"पावसाळ्यात? अगदी शेडच्या टोकापर्यंत तरंगत राहायची." यांचा आवाज जरा चढला. "मे महिन्यात चार हातांवर मरायची. कोरड्या हवेत..." आणि हे बोलता बोलता थांबले. मी यांना पस्तीस वर्षं ओळखते. कुठलीही गोष्ट डोक्यात शिरली की हे उजव्या हाताने मांडीवर एक थाप मारतात. ती थाप मारली.

"म्हणजे बॉयलर चालूच होता," हे म्हणाले. "पुढची हवा कोरडी लागली."

"तेच, काका. ओल संपली तिथे रेघ संपली. विमान गेलं पुढे."

"मी वाफेला धूर म्हटलं," हे म्हणाले. "बॉयलरवाला माणूस मी." आणि संपानंतर पहिल्यांदा यांना कामाच्या गोष्टीवर हसताना मी बघितलं. त्यांना झकास वाटत असेल, पण माझं काय? मला बॉयलर कळत नाही आणि बर्फही कळत नाही.

"तुमचं चालू द्या दोघांचं," मी म्हटलं. "माझा मुलगा या घडीला कुठे आहे, ते मला कोणी सांगेल का?"

अंबादासने शर्ट अडकवला. "चला. फोन करू."

फोन नाक्यावर, चंद्रप्रकाशच्या मेडिकलमध्ये. अख्ख्या चाळीचा पी.पी. नंबर, म्हणजे निरोपाचा, तोच. आम्ही चौघं निघालो. द्रौपदी माझ्या बाजूने चालत होती. वाटेत मी सारखी वर बघत होते. रेघ आता रेघ राहिली नव्हती. पिंजलेल्या कापसाएवढी रुंद झाली होती, आणि मघाशी आमच्या चाळीवर होती ती पूर्वेला खाडीकडे सरकली होती.

"ही चालतेय कशी?" मी विचारलं.

"वरचा वारा पश्चिमेचा आहे, तो ढकलतोय," अंबादास म्हणाला. "वर ओल असली की अशा रेघा विरत नाहीत, पसरतात, आणि त्यांचेच पातळ ढग होतात. दिवसा थोडं ऊन अडवतात. रात्री खालची ऊब अडवून धरतात, अंगावर पातळ चादर घेतल्यासारखं. आज आणखी दोन-चार विमानं तिथून गेली तर रात्री थंडी जरा कमी वाटेल, बघा."

एरवी मी म्हटलं असतं, विमानाच्या वाफेने कधी थंडी कमी होते का. तेव्हा म्हटलं नाही.

मेडिकलमध्ये अंबादासने विमानतळावरच्या त्यांच्या ऑफिसात फोन लावला. तिथे शिवदास म्हणून त्याचा मित्र ड्यूटीवर होता. पायलट लोक उडण्याआधी हवेचा कागद त्यांच्याकडूनच नेतात, म्हणून कुठलं विमान गेलं, कुठलं राहिलं, हे त्यांना ठाऊक असतं. तीनदा एंगेज लागला. चंद्रप्रकाश गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देता देता आमच्याकडे बघत होता. चौथ्यांदा लागला.

"शिवदास, मस्कतचं सव्वाचारचं... हो... बरं... अजून?"

त्याने रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळला. "मावशी, ते उडालंच नाहीये. दाराचं काहीतरी झालं, माणसं आत बसवून ठेवलीत. अजून जमिनीवर उभं आहे."

मी मेडिकलच्या पायरीवर मटकन बसले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या क्षणाला कळलं. इतकी वर्षं नुसतं म्हणत होते. तासभर ज्याला मी खाडीत बुडवला होता, तो माझा मुलगा इथून पाच-सहा मैलांवर खुर्चीत पट्टा बांधून बसला होता. मी हसायला लागले ती थांबेनाच, आणि हसता हसता रडायला लागले, ते ज्या चारचौघांत मला रडायचं नव्हतं त्यांच्यासमोरच. द्रौपदीने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो मी राहू दिला.

सहाला पुन्हा फोन केला. विमान उडालं होतं, समुद्रावरून, सरळ पश्चिमेला. त्या रात्री थंडी खरोखर कमी होती, निदान मला तरी लागली नाही.

पण घर मी झाडलं नाही. उडालं म्हणजे पोचलं असं थोडंच आहे? द्रौपदीची सुपलीही केरासकट ओट्यावर तशीच होती. तिला हात लावायची द्रौपदीची हिंमत नव्हती, आणि द्रौपदीला सॉरी म्हणायची माझी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चंद्रप्रकाशने माणूस पाठवला, मस्कतचा फोन. मी पदर खोचला आणि पळत गेले, हे माझ्या मागे. कंपनीने प्रत्येकाला दोन मिनिटं दिली होती.

"आये, पोचलो," सहदेव म्हणाला. "खोली बरी आहे. जेवण बरं आहे. विमान मात्र दीड तास उशिरा सुटलं, आम्हाला आतच बसवून ठेवलं."

"ठाऊक आहे," मी म्हटलं.

"तुला कसं ठाऊक?"

"ते राहू दे. तू घाबरला नाहीस ना?"

"मी नाही घाबरलो. पण आये, आमचं विमान उभं होतं ना, तेव्हा खिडकीतून एक रॉकेट दिसलं. ठाण्याकडे गेलं आणि मधेच त्याचा धूर तुटला. माझ्या मनात आलं, आता बाबांनी हे बघितलं तर म्हणतील इंजिन बंद पडलं, आणि तू रडत बसशील. तेवढीच काळजी लागली होती मला. नाही ना बघितलं बाबांनी?"

आमचे हे माझ्या कानाला कान लावून ऐकत होते. त्यांनी रिसीव्हर माझ्या हातातून घेतला. "बघितला," हे म्हणाले. "पण तो धूर नव्हता रे. वाफ होती." तेवढ्यात दोन मिनिटं संपली.

घरी आले ती आधी केरसुणी काढली. खोली झाडली, उंबरा झाडला, मग ओट्यावर आले. माझ्या दारापुढचं झालं तरी हात थांबला नाही. द्रौपदीच्या दारापुढचंही झाडून काढलं, पार कोपऱ्यापर्यंत. ती आवाज ऐकून दारात आली आणि बघत उभी राहिली.

"मावशी, आला का फोन?"

"आला. पोचला," मी म्हटलं, आणि तिचीच सुपली उचलून दोन दिवसांचा केर मी माझ्या हाताने टाकून आले.